सुकी मासळी विकणाऱ्या काकींना

काकी, नमस्कार.

तुमचा नातू हे मोबाइलवर वाचून दाखवील, म्हणून इथे लिहिते. तोंडावर बोलायला गेलं की तुम्ही "रवांदे गो" म्हणता, टोपली डोक्यावर घेता आणि चालू पडता.

देवगडच्या बाजूला ज्यांचं परसू आहे त्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. जूनमध्ये लावलेली दोडकी, भेंडी, तवशी म्हणजे काकड्या दोन पानांवर आली की रात्रीत नाहीशी होत होती. सकाळी नुसती देठं उरलेली आणि चिऱ्यांवर चकचकीत ओघळ. गोगलगायी दिवसा दिसत नाहीत, त्यामुळे आधी लोकांना माझं बोलणंच खरं वाटेना. एक साहेब आले, त्यांचं कामच ते. फोटो काढले, चहा घेतला, "वर कळवतो" म्हणाले. अजून वरच आहे बहुतेक. दुकानदाराने मेटाल्डिहाइडच्या गोळ्या पुढे केल्या. त्या कुत्र्याने खाल्ल्या तर कुत्रंही जातं. घरात कुत्रा आहे म्हटलं, तर म्हणाला, "मग बांधून ठेवा." मुंबईच्या नातेवाइकांनी राखेच्या रिंगणाचे व्हिडिओ पाठवले. राख कोरडी असेल तरच गोगलगाय अडते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, रिंगण पहिल्या सरीलाच व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, मिळतं. वाफ्यात मीठ टाका म्हणणारेही भेटले. त्या मातीत नंतर काय उगवणार, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

आणि मग तुम्ही आलात, तेही सुकट घ्यायची का विचारायला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे तुमचे हातातोंडाची गाठ पडायचे दिवस. तरी खळ्यात टोपली ठेवून तुम्ही थेट मागच्या दगडी गडग्याकडे गेलात. वाफे बघितलेच नाहीत. नारळाच्या सोडणांचा कुजका ढीग काठीने उचकटलात आणि खाली साबुदाण्यासारखी पिवळट अंडी दाखवलीत. मी रोपांकडे बघत होते, तुम्ही त्यांचं घर शोधलंत.

मोठ्या शंखाच्या त्या गोगलगायी आपल्या नव्हेतच, पूर्व आफ्रिकेतल्या. १८४७ साली बेन्सन नावाच्या एका हौशी साहेबाने मॉरिशसहून कोलकात्याला आणल्या म्हणे. हौस त्याची, निस्तरणं आपलं. एक मादी आणि एक नर असलाही हिशेब नाही, प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते आणि एका खेपेला शंभराच्या वर.

संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं, पहाटे त्याखालची गोळाबेरीज, हाताला दुधाच्या पिशव्या. हे सगळं आता वाडीत सगळ्यांना पाठ आहे. पिशव्यांचा आग्रह तुमचा होता आणि तो बरोबर होता. उंदरांकडून या गोगलगायींत येणारा एक जंत माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो.

मला लिहायचं आहे ते बादलीबद्दल. मी जन्मभर रुग्णालयात नोकरी केली, रक्त बघून कधी तोंड फिरवलं नाही. पण बादलीतल्या मिठाच्या पाण्यात गोगलगायी शिंगं आत घेत बुडायला लागल्या आणि माझा हात थांबला. दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. "एवढी भाजी हवी आणि जीव मारवत नाही" हे वाक्य मी इतरांकडून नंतर ऐकलंच. तुम्ही काही बोलला नाहीत. बादलीच्या आणि माझ्या मधे पाठ करून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "भुतूर जा बाय, मी बघतंय." नंतर त्या मेलेल्या गोगलगायी व्हाळापलीकडे नेऊन, खड्डा खणून, चुना टाकून पुरल्यात. त्या दिवसापासून बादली तुमची, मला कधी हात लावू दिला नाहीत. विक्रीची वेळ मोडून यायचात, हे मला फार उशिरा कळलं.

ज्यांचं काम होतं त्यांना पगार होता, गाडी होती, माहितीपत्रकं होती. तुमच्याकडे सुकटीची टोपली होती आणि समोरच्याला कशाची लाज वाटते हे ओळखायची नजर. अशी माणसं गावात अजून आहेत म्हणून मी मुंबईची खोली विकून इथे राहिले, त्याचं मला बरं वाटतं. तुम्ही भारद्वाजासाठी मागची झुडपं तोडू दिली नाहीत, तेही किती बरं झालं. तो रोज गडग्यावर येतो आणि गोगलगायी फोडून खातो. त्याला शिंगांचा त्रास होत नाही.

गोगलगायी संपलेल्या नाहीत. दर पावसाळ्यात त्या येणार, आपण वेचणार. पण चवथीला गणपतीच्या वरच्या माटवीत बांधलेलं तवसं यंदा घरच्या मांडवावरचं होतं, शिवाय पडवळ आणि दोडकीही. तुमच्या घरी पाठवलेल्या पिशवीत दोडकी जरा जून निघाली असेल, त्याबद्दल रागावू नका. आणि त्या सकाळच्या सुकटीचे पैसे तुम्ही घेतलेच नाहीत. नातवाकडे दिले तर त्याने "आजी ओरडेल" म्हणून परत केले. आता ते पैसे मी फडताळात वेगळे ठेवलेत, पुढच्या खेपेला घेतल्याशिवाय टोपली उचलू देणार नाही.

तुमची,
वरच्या वाडीतली नर्सबाई