खड्ड्यासोबत एक मडकंही मंजूर करा

प्रति,
मा. मंत्री, रोजगार हमी योजना व फलोत्पादन,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

साहेब, मी अंबड तालुक्यातला मोसंबी बागायतदार. आबांनी उभी केलेली आमची साडेतीनशे झाडांची बाग 2012-13 च्या दुष्काळात माझ्या डोळ्यांदेखत वाळली. पुढे जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या रानात कापूस उभा होता.

पाणी अगदीच नव्हतं, असं नाही. दागिना मोडून आम्ही टँकर घेत होतो. पण ते पाणी आम्ही खोडाशी आळ्यात ओतत होतो. आमची जमीन काळी, एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइप सोडला की पाणी घळाघळा भेगेत उतरायचं, झाडाच्या मुळांना काही लागायचं नाही. जे वर राहायचं ते दुपारच्या उन्हात उडून जायचं आणि संध्याकाळी आळ्यात पापुद्रे सुटलेले दिसायचे. शिवाय मोसंबीचं खोड सतत ओलं राहिलं की डिंक्या धरतो, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग. म्हणजे विकतचं पाणी आम्ही वाया घालवलं, वर झाडांना रोगही लावला. पाणी पिणारी बारीक मुळं खोडाशी फारशी नसतात. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते, त्या कडेला ती असतात. हे मला कळलं तेव्हा निम्मी बाग गेली होती.

त्या वर्षी आमच्या परसातलं एक कागदी लिंबाचं झाड मात्र हिरवं राहिलं. आईनं त्याच्या दोन बाजूंना दोन जुनी मडकी गळ्यापर्यंत पुरली होती. दोन-तीन दिवसांनी त्यात भांड्याचं धुवण, भाजीचं पाणी ओतायची आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायची. जून उजाडल्यावर मी त्यातलं एक मडकं उकरून काढलं. त्याच्या पोटाला पांढऱ्या केसाळ मुळांची जाळी अशी चिकटली होती की मडकं सुटेना, सुरीनं मुळं कापावी लागली. आजूबाजूची माती बोटभर अंतरावर कोरडीठाक होती आणि मडक्यालगतची हातात घेतली तर लाडू वळावा अशी.

यात यंत्र नाही, वीज नाही. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. बाहेरची माती कोरडी असेल तर ती पाणी ओढून घेते, ओली झाली की ओढ कमी होते. झाडाला लागेल तेवढंच झिरपतं आणि ऊन-वाऱ्याला काही सापडत नाही. लहान रोपाला पाच-सात लिटरचं एक मडकं पुरतं. मोठ्या झाडाला दहा-पंधरा लिटरची दोन-तीन लागतात, तीही सावलीच्या कडेला, आणि बुडाला छिद्र पाडून त्यात कापडाची वात बसवावी लागते. पाच हजार लिटरच्या टँकरमध्ये दहा लिटरची पाचशे मडकी भरतात. मोठ्या झाडाला एवढ्यात फळ धरणार नाही, हे मी मान्य करतो. पण झाड जगतं, आणि दुष्काळात आम्हाला तेवढंच हवं असतं. बहार, म्हणजे फुलं आणि कोवळी फळं, झोडून टाकला, हलकी छाटणी केली, बुडाशी उसाचं पाचट किंवा तुरीचा भुसा वीतभर पसरला आणि पानांवर केओलिन ही पांढरी माती पाण्यात कालवून फवारली, की तेच पाणी आणखी पुरतं. आमच्याकडे म्हणतातच, ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’. कोळप्यानं वरची माती हलवून भेगा बुजवण्याचं महत्त्व आमच्या आजोबांना ठाऊक होतं.

आता मुद्द्यावर येतो. 1972 च्या दुष्काळातून या राज्याची रोजगार हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. 1990 पासून फळबाग लागवड तिच्याशी जोडली गेली आणि त्यातून कोरडवाहू रानांत आंबा, बोर, सीताफळ आलं. ते ऋण आम्ही विसरलेलो नाही. नंतर वृक्षलागवडीचे आकडे वाढत गेले. 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटींचं उद्दिष्ट. हे सगळे आकडे लावण्याचे आहेत. आमच्या गावच्या रस्त्याकडेला पावसाळ्यात लावलेली रोपं मी रोज पाहत होतो. उन्हाळ्यात टँकर चालता चालता पाइपची धार मारायचा, रोपाच्या बुडाची माती धुऊन जायची, मुळं उघडी पडायची. उन्हाळा संपता संपता नुसत्या काठ्या उरल्या आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपं आली.

फळबाग योजनेत शेतकऱ्याला अनुदान तीन वर्षांत हप्त्यांनी मिळतं आणि पुढचे हप्ते झाडं जगली तरच. अट योग्य आहे. मग ज्यानं झाड जगतं, ती वस्तू अंदाजपत्रकात का नसावी? खड्डा धरता, रोप धरता, खत धरता, कुंपण धरता. कोरडवाहू तालुक्यांत रोपामागे एक मडकं धरा. 2023 मध्ये ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांच्यापासून सुरुवात करा, त्यात आमचा अंबडही आहे. मडकी भरण्याचं काम मजुरीत बसवा. आठवड्यातून दोनदा घागर घेऊन फिरणं म्हाताऱ्या माणसालाही जमतं, आणि आमच्या गावात असं काम मागणाऱ्या विधवा, एकट्या बाया आहेत. आणि मोजणी जुलैत नको, तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात करा.

खरेदीबद्दल एक विनंती. मडकी गावच्या कुंभाराकडूनच घ्या. निविदा काढून कुठून तरी रंगवलेली, चकचकीत मडकी आली तर ती झिरपणार नाहीत आणि दोष पद्धतीला लागेल. आमच्या कुंभारकाकांनी मला पारख शिकवली: नवं मडकं रात्री भरून ठेवायचं, सकाळी अंगाला पाझर दिसला तर घ्यायचं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर दोन-तीन वर्षांत छिद्रं बुजतात, तेव्हा मडकं बदलावं लागतं. तो खर्चही धरून ठेवा. थेंब-थेंब पाण्यासाठी मडक्याऐवजी सलाईनच्या बाटल्या झाडांना लटकवण्याचे फोटो फिरतात, पण दवाखान्याचा कचरा मुलाबाळांच्या हाती द्यायला मी तयार नाही.

मी 2015 ला पुन्हा मोसंबी लावली, या वेळी शंभरच झाडं. प्रत्येकाला मडकं आहे. पुढच्या दुष्काळी उन्हाळ्यांत त्यातली काही गेली, बरीचशी उभी आहेत. आपण आलात तर कुठलंही मडकं उकरून दाखवीन.

शेवटी वेळेचं. पावसाळ्यात कुंभाराचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, पेटत नाही. माती आणणं, मळणं, सुकवणं, भाजणं, हे सगळं उन्हाळ्याआधी, दिवाळी ते होळी या काळात उरकावं लागतं. येत्या उन्हाळ्यात मडकी जमिनीत हवी असतील, तर आपला आदेश दिवाळीच्या आत तालुक्याला पोचायला हवा.

आपला,
अंबड तालुक्यातला एक मोसंबी बागायतदार