दोन उंट आणि आल्याचा तुकडा

भांडुप (पूर्व), मुंबई

प्रिय शैला,

तुझं पत्र मिळालं. आकडे लक्षात ठेवायला प्रत्येक आकड्याला एक शब्द देणारी, तू उतरवून घेतलेली ती इंग्रजी यादी वाचली आणि तिचा तुला कंटाळा का आला ते लगेच कळलं. एकला टाय, दोनला नोआ, चारला राय, आठला आयव्ही! टायचं ठीक आहे गं, पण राय नावाचं धान्य आपण कधी सुपात घेतलंय? आयव्हीची वेल रत्नागिरीत कुठल्या गडग्यावर चढलीय? जी वस्तू डोळ्यांसमोर उभीच राहत नाही, ती आकड्याची आठवण काय करून देणार?

म्हणून ती यादी फाडून टाक, पण तिच्यामागची युक्ती ठेव. प्रत्येक अंकाला काही व्यंजनं वाटून द्यायची, स्वर मोजायचे नाहीत, आणि त्या व्यंजनांतून शब्द बांधायचा. शब्द झाला की चित्र होतं आणि चित्र विसरत नाही. युरोपात हे सतराव्या शतकात सुरू झालं, पुढे एकोणिसाव्या शतकात एमे पारी नावाच्या फ्रेंच माणसाने त्याला साधारण आजचं रूप दिलं. आपल्याकडे मात्र सातव्या शतकात केरळच्या हरिदत्ताने ग्रहगणितासाठी हीच रीत वापरलेली आहे. तिचं नाव कटपयादी. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्त्यांची, म्हणजे मूळ रागांची नावं तिच्यावरच बेतलेली आहेत. आपला यमन ज्या सुरांवर उभा आहे, ते सूर त्यांच्याकडे मेचकल्याणीचे. म म्हणजे ५, च म्हणजे ६, आणि जुन्या नियमाप्रमाणे अंक उजवीकडून वाचायचे, म्हणून तो ६५ वा मेळ. नाव घेतलं की क्रमांक हजर! हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि अजूनही होतो.

आता वही घे आणि लिही. क ट प य हे १. ख ठ फ र हे २. ग ड ब ल हे ३. घ ढ भ व हे ४. ङ ण म श हे ५. च त ष हे ६. छ थ स हे ७. ज द ह हे ८. झ ध आणि आपला ळ हे ९. ञ न हे ०, आणि व्यंजनाशिवाय सुटा आलेला स्वरही ०. जोडाक्षर असेल तर त्यातलं शेवटचं व्यंजन धरायचं, अनुस्वार सोडून द्यायचा. मी अंक डावीकडून उजवीकडे वाचते. जुना नियम उलटा आहे खरा, पण आपण आकडे कागदावर आणि मोबाइलवर बघतो, तेव्हा डोळा जिकडून जातो तिकडूनच जाऊ दे.

हे आठवड्याभरात तोंडात बसतं. मग मजा सुरू होते. व ४, ड ३: वडा ४३. प १, व ४: पाव १४. म्हणजे ४३१४ हा आकडा दादर स्टेशनबाहेर कागदात गुंडाळून मिळतो. डबा ३३, बस ३७, चाळ ६९, चहा ६८, नथ ०७, कांदा १८, दिवा ८४, साप ७१, मामा ५५. रिक्षा २६, कारण क्षमधला शेवटचा ष धरायचा. आणि ००? दोन सुटे स्वर हवेत. आई. या एका चित्रासाठी मी अख्खी पद्धत कुणालाही शिकवायला तयार आहे.

पण थांब, ०० ते ९९ हे सगळे शंभर आकडे अशा अक्षरांतून काढू नकोस. मला तुला मुख्य हेच सांगायचंय. आपल्या बोलण्यात कितीतरी आकड्यांना आधीपासून चित्रं आहेत, ती आधी उचल. ३६ लिहून बघ, तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेत. २८ म्हणजे विटेवरचा विठोबा, अठ्ठावीस युगं उभा. ३२ म्हणजे बत्तिशी. ४० म्हणजे चाळिशी, तुझ्या आईची ती दोऱ्याने बांधलेली. १० म्हणजे रावण, २१ म्हणजे मोदकांचं ताट, ५२ म्हणजे बावन्नकशी सोनं, ९६ म्हणजे शहाण्णव कुळी फेटा. ८३ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लॉर्ड्सच्या गॅलरीत कप घेऊन उभा असलेला कपिल देव येतो, तिथे द आणि ल जुळवत बसायची गरजच नाही. जुन्या पंडितांनीही हेच केलं होतं. डोळे दोन म्हणून नेत्र म्हणजे २, वेद म्हणजे ४, मदनाचे बाण म्हणून बाण म्हणजे ५, ऋतू म्हणजे ६, अशा शब्दांत ते श्लोकात सालं लिहीत.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एरिक्सन आणि चेस या मानसशास्त्रज्ञांनी एका विद्यार्थ्यावर प्रयोग केला होता, तो १९८० साली छापून आला. त्याला एकेक अंक वाचून दाखवायचे आणि त्याने ते त्याच क्रमाने परत सांगायचे. सुरुवातीला तो आपल्यासारखाच, सातेक अंकांवर अडायचा. २३० तासांहून जास्त सराव झाल्यावर तो ७९ अंकांपर्यंत गेला. कसा गेला ते ऐक. मुलगा धावपटू होता. ३४९२ ऐकलं की तो मनात म्हणायचा, तीन मिनिटं एकोणपन्नास पूर्णांक दोन सेकंद, म्हणजे मैलाच्या विश्वविक्रमाच्या जवळची वेळ. आकड्याला त्याने स्वतःच्या आयुष्यात जागा दिली. आणि अंकांऐवजी अक्षरं दिली तेव्हा तो परत सहाच्या आसपास आला. म्हणजे डोकं मोठं झालं नव्हतं, आकड्यांसाठी घर तयार झालं होतं. हे तू मुलांना शिकवशील तेव्हा नक्की सांग, म्हणजे 'माझी स्मरणशक्तीच कमी' असं म्हणून कुणी रडत बसणार नाही.

डॉमिनिक ओब्रायन स्मरणशक्तीच्या स्पर्धेत आठ वेळा जगज्जेता झाला, तो वस्तूंऐवजी माणसं वापरतो. त्याच्याकडे १ म्हणजे ए, ५ म्हणजे ई, म्हणून १५ म्हणजे अल्बर्ट आइन्स्टाइन. स्पर्धेतले लोक प्रत्येक आकड्याला एक माणूस, एक कृती आणि एक वस्तू देतात आणि सहा अंक एकाच दृश्यात कोंबतात. आपल्याला एवढं नको. शंभर पक्की चित्रं पुरतात.

दोन गोष्टी सांभाळ. मराठीत शब्द शोधायला बसलं की यादी खाण्याच्या पदार्थांनी भरून जाते. पोळी, भात, भाजी, शेव, ताक, दही, लोणी, सगळं जुळतं आणि सगळं एका ताटात कालवून जातं. निम्मे पदार्थ काढ. १९ ला पोळी नको, सालीवरून घसरता येईल असं केळं ठेव. ८८ ला दही नको, दादा ठेव. पाण्याचंही तसंच. नदी, पाणी, झरा हे तिघं एकमेकांत मिसळतात. माझं १५ चं पाणी कायम तुझ्या आईच्या तांब्याच्या हंड्यात असतं, ठोके पडलेल्या, चिंचेने घासलेल्या. मग ते ९२ च्या झऱ्याशी कधीच गल्लत करत नाही. दुसरी अडचण ९ ची. ळने संपणारे शब्द मराठीत उदंड, जाळं ८९, विळी ४९, नळ ०९, पण ळने सुरू होणारा शब्द नाही आणि झ-धचे मोजकेच. तिथे धुणं ९५, झुंज ९८, झोळी ९९ अशी खूप शोधाशोध करावी लागली.

चित्रं झाली, आता ती ठेवायची कुठे? त्यासाठी आपल्या ओळखीची जागा लागते, ज्यात एका ठरलेल्या वाटेने चालत जाता येईल. मी आपली लालबागची चाळ घेतली आहे.

चाळ पाडली तेव्हा तू मुंबईत नव्हतीस. आता तिथे टॉवर आहे आणि वॉचमन नाव विचारल्याशिवाय आत सोडत नाही. पण डोळे मिटले की मी फाटकातून सरळ आत जाते. ग्रीक कवी सिमोनिडीसची गोष्ट या विद्येच्या मुळाशी सांगतात. मेजवानीतून तो बाहेर आला आणि मागे छत कोसळलं. आतली माणसं ओळखू येईनात, पण कोण कुठे बसलं होतं हे त्याला आठवत होतं, म्हणून प्रत्येकाची ओळख पटली. पडलेल्या घरातल्या जागा माणसाच्या मनात इतक्या नेमक्या राहतात, शैला. आपल्या चाळीची प्रत्येक पायरी मला आजही कामाला येते.

चल, गणितातल्या पाय (π) या संख्येचे वीस दशांश आपल्या चाळीत ठेवू. ३ नंतर १४१५९२६५३५८९७९३२३८४६. फाटकात १४ आणि १५: पुरुषभर उंचीचा पाव तुझ्या आईच्या हंड्यात बसलाय, पाणी पिऊन फुगतोय आणि फाटक बंद होत नाही. जिन्यावर ९२ आणि ६५: वरून झरा कोसळतोय आणि त्यातून खारे चणे टपटपत येतायत, पायाखाली कुरकुर वाजतायत. सामाईक नळावर ३५ आणि ८९: नळातून लोण्याचा गोळा पडतोय आणि बायका कळशीऐवजी मासेमारीचं जाळं धरून रांगेत उभ्या आहेत. गॅलरीच्या कठड्यावर ७९ आणि ३२: स्टीलची थाळी टांगलीय आणि एक बत्तिशी तिच्या कडेला कचकचून चावतेय. मोरीत ३८ आणि ४६: कुणी गादी धुवायला आणलीय, उसवली तर कापसाऐवजी वाफाळता भात बाहेर येतोय. एका जागी दोन चित्रं, आणि पहिल्याने दुसऱ्याशी काहीतरी करायचं, नाहीतर क्रम बिघडतो. आता मोरीतून फाटकाकडे उलटी ये, वीस अंक उलटेही सांगता येतील. आपल्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असायचे, पण ते एका चालीत. मधलंच काही विचारलं तर वरून म्हणत यावं लागे. इथे तू थेट नळावर जाऊन उभी राहू शकतेस.

चाळ मात्र कायमच्या आकड्यांसाठी राखून ठेव. रोजच्या तात्पुरत्या आकड्यांना दुसरी वाट हवी, नाहीतर कालचा भात आजच्या गादीत सापडतो. मी त्यासाठी स्लो लोकलची स्टेशनं वापरते: भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला. रेल्वे तिकिटावरच्या पीएनआरच्या दहा अंकांना विद्याविहारपर्यंत पाच स्टेशनं, प्रत्येकावर एक चित्र. प्रवास झाला की ती विरून जातात. कायमचं ठेवायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने एक फेरी मारायची. एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जास्त होतं, म्हणून पहिली फेरी लवकर.

अंकांची संख्या विषम असली तर काय, असं तू विचारलंयस. सुरुवातीला शून्य लाव. तुझी मांडवी एक्सप्रेस १०१०३, ती कर ०१ ०१ ०३. उंट, उंट, आलं. उ सुटा म्हणून ०, ट म्हणजे १. आ सुटा म्हणून ०, ल म्हणजे ३. दोन उंट सीएसएमटीच्या फलाटावर मान लांब करून आल्याच्या एकाच तुकड्यावर भांडतायत. सांग, आता हा गाडी नंबर तुला कधी पाहावा लागेल का?

पहिली वीस चित्रं तू स्वतः काढ, माझी घेऊ नकोस. वडा आणि पाव घेतलेस तर हरकत नाही, पण तुझ्या ३८ मध्ये माझी लालबागची गादी कशाला, तुझ्या अंगणात सारवलेली जमीन नसेल तर तिथली लादी घे. जमली की मला पाठव, मे महिन्यात मी येईन तेव्हा तुझ्या घराची वाट आपण दोघी मिळून आखू. पडवी, माजघर, मागलं दार, विहीर, गोठा, निदान वीस जागा निघतील.

आणि एक काम कर. माझ्याकडे ९७ अजून रिकामा आहे. झ किंवा धने सुरू होणारा आणि स, थ किंवा छने संपणारा, डोळ्यांना दिसेल अशा वस्तूचा शब्द हवाय. मला मुंबईत बसून सापडत नाही. तुझ्या शेजारच्या आजींना शेतीचे, माशांचे, झाडांचे शब्द येतात, त्यांना विचार आणि मिळाला की लगेच फोन कर.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
वसुधा