मलेरियाच्या जंतूची कळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात मलेरियावर नुकतीच माहिती आली. साचलेले पाणी, मच्छरदाणी, धूरफवारणी, सगळे बरोबर. पण जंतू आतून कसा चालतो यावर एक ओळही नव्हती. खानापूर तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत 27 वर्षे रक्ताच्या काचा तपासल्या, म्हणून राहवत नाही.

पावसाच्या तोंडाला जांबोटी-कणकुंबीकडची पोरे गोव्यातल्या बांधकामांवरून चोर्ला घाटाने घरी यायची, ती बरेचदा थंडीने कुडकुडतच. आम्ही रक्त काचेवर पसरतो, वाळवतो, रंगवतो. त्यामुळे जंतू दिसतो तो मेलेला. एकदा शिकाऊ मुलाला दाखवायला मी व्हायवॅक्स या मलेरियाच्या एका प्रकारच्या जंतूच्या रुग्णाचा थेंब ओलाच ठेवला आणि वर पातळ काच टाकली. बराच वेळ काही हालेना. मग एका गोल जंतूतले काळपट कण आधणातल्या तांदळासारखे नाचू लागले आणि एकदम त्याच्या अंगातून चाबकासारखे धागे बाहेर पडले. शेजारच्या तांबड्या पेशींना ते धक्के मारत होते. मुलगा मायक्रोस्कोप सोडून मागे सरकला. 1880 साली अल्जीरियात लावेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला हेच दिसले होते आणि त्यातून मलेरियाचा जंतू जगाला कळला.

ते धागे म्हणजे जंतूचे नर. माणसाच्या रक्तात ते गप्प असतात. डासाने रक्त ओढले की गारवा लागतो, डासाच्या पोटातले झँथुरेनिक आम्ल भिडते आणि पंधरा मिनिटांच्या आत एकाचे आठ नर होतात. माझ्या काचेवरच्या थेंबालाही गारवा आणि हवा लागली होती.

यामागची कळ मला निवृत्तीनंतर भाचीने सांगितली. ती धारवाडला एम.एस्सी. करते. किनेझ नावाची प्रथिने दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतात आणि त्याचे काम चालू किंवा बंद करतात. जंतूत कॅल्शियम वाढले की सीडीपीके-4 हे किनेझ जागे होते आणि नर तयार होतात. 2004 साली उंदरांच्या मलेरियावर काम करताना हे उघड झाले. ते जनुक काढून टाकलेला जंतू उंदराच्या रक्तात वाढतो, पण डासात पुढे सरकत नाही. पीकेजी हे दुसरे किनेझ जंतूंना तांबडी पेशी फोडून बाहेर पडायचा हुकूम देते; एक दिवसाआड भरणारी हुडहुडी त्या फुटण्याचीच. सीडीपीके ही जात झाडांत आहे, माणसात नाही. म्हणून तिच्यावर नेम धरणारी औषधे शोधली जात आहेत. दवाखान्यात असे औषध अजून आलेले नाही.

आज हातात आहे ती प्रायमाक्विनची गोळी. व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो, त्यासाठी ती 14 दिवस घ्यावी लागते (गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ती देत नाहीत). कणकुंबीकडचा एक जण भाताच्या लावणीच्या घाईत चौथ्या दिवशी गोळ्या सोडून गेला आणि गणपतीत पुन्हा थरथरत आला. व्हायवॅक्सचे नर-मादी तर ताप भरतो त्याच सुमाराला रक्तात तयार असतात. गोव्याहून आलेल्या पोराने चार दिवस अंगावर काढले, तर तेवढे दिवस गावचे डास ते घेऊन जातात. रक्त त्याच दिवशी तपासायला द्यायला हवे.

दवाखान्यात पत्रके कन्नडमधून यायची. मी ती वाचून मराठीत सांगायचो. नुसते सांगून लोक मान डोलवायचे आणि विसरायचे. ज्यांना मायक्रोस्कोपमध्ये स्वतःचे रक्त दाखवले, त्यांतल्या बहुतेकांनी गोळ्या पुऱ्या केल्या. म्हणून विनंती, जंतूच्या आतले हे काम मराठीत, चित्रासह छापा. आपला पेपर इथल्या मराठी शाळांत जातो. त्या ओल्या थेंबाचे चित्र मी त्याच दिवशी पेन्सिलीने वहीत काढले होते. छापणार असाल तर पाठवतो.

एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
ता. खानापूर, जि. बेळगाव