'नास्तिक' म्हणालास ते डोक्यातून जाईना

मित्रा,

त्या दिवशी फोन आधी तू ठेवलास की मी, आठवत नाही. शेवटची दोन वाक्यं मात्र पक्की लक्षात आहेत, तू म्हणालास "तू पार नास्तिक झालायस" आणि मी म्हणालो "आणि तू अंधश्रद्धाळू". व्हॉट्सअ‍ॅपवर सॉरी तीनदा टाइप केलं आणि तीनदा डिलीट केलं, कारण सॉरी नक्की कशाचं तेच ठरेना. म्हणून हे लांबण लावतोय, सवडीने वाच.

नास्तिक शब्द लागला म्हणूनच शोधाशोध केली. आपण समजतो देव न मानणारा तो नास्तिक. पण जुन्या दर्शनांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाच्या जुन्या शाखांमध्ये, भांडण देवावरून नव्हतंच रे, वेदांवरून होतं. वेद प्रमाण मानले की आस्तिक, नाही मानले की नास्तिक, मनुस्मृतीत सरळ म्हटलंय 'नास्तिको वेदनिन्दकः'. त्यामुळे झालं असं की जगाचा कर्ता वगैरे न मानणारे सांख्य आणि मीमांसा या दर्शनांवाले आस्तिकांच्या रांगेत जाऊन बसले आणि बौद्ध-जैन नास्तिकांच्या. म्हणजे देव न मानता मला आस्तिक राहता आलं असतं! (फोनवर हा मुद्दा सुचला असता तर काय बहार आली असती.)

आणि खरं सांगू, देव नाहीच असं मी कुठे म्हणतोय? मला माहीत नाही, बस. यालाही शब्द आहे, अज्ञेयवादी, पण बोलताना कोणी वापरतं का? इंग्रजीतसुद्धा अ‍ॅग्नॉस्टिक हा शब्द हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये मुद्दाम घडवला, कारण बाकी सगळ्यांना आपापली लेबलं होती आणि त्यालाच काही नव्हतं. त्यात मराठी शब्द आणखी एक पाऊल पुढे जातो, अज्ञेय म्हणजे जे कळूच शकत नाही ते. एवढं ठासून मी नाही म्हणणार बाबा, मला कळलेलं नाही एवढंच म्हणतो, उद्याचं उद्या.

या शब्दांचं नशीबही कसं फिरतं बघ. पाखंडी म्हटलं की आज शिवी. पण अशोकाच्या बाराव्या शिलालेखात हाच शब्द, तिथे तो पासंड असा येतो, आणि अर्थ नुसता पंथ. सगळ्या पासंडांचा मान राखा, आपल्या पंथाची उगाच बढाई मारू नका नि दुसऱ्याची निंदा करू नका, असं राजा सांगतोय, आणि पुढे तोच शब्द निंदेसाठी वापरला गेला! हसावं की रडावं कळेना.

आता माझ्या वाक्याकडे येतो, ते टाळत होतो. अंधश्रद्धा हा शब्द कधी नीट बघितलायस? तो कायम दुसऱ्यालाच लावतात. 'माझी अंधश्रद्धा आहे' असं कोणी म्हणत नाही, म्हटलंच तर हसत हसत. आपली ती श्रद्धा नि समोरच्याची ती अंधश्रद्धा, आणि मी हेच केलं. काकूंच्या ऑपरेशनच्या वेळी तू बाहेर बसून जप करत होतास, पण डॉक्टरांनी सांगितलेली एक गोळी चुकवली नाहीस, रिपोर्ट माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचलेस. यात आंधळं काय होतं? विश्वास तू डॉक्टरांवर टाकलास, तो टाकताना आपण डिग्री बघतो, अनुभव विचारतो, आणि एकदा तडा गेला की काढूनही घेतो. श्रद्धा वेगळी. या शब्दातल्या 'श्रत्' चं नातं हृदयाशी लावतात, म्हणजे काळीज कुठेतरी नेऊन ठेवणं. त्या चार तासांत तुला ते ठेवायला जागा होती, मी कॉरिडॉरमध्ये नुसता येरझारा घालत होतो. मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता रे, आणि फोनवर बाहेर पडला तो बहुतेक तोच.

अजून एक सापडलं, तुला आवडेल. इमान हा शब्द अरबीतला, तिकडे तो अल्लावरच्या श्रद्धेसाठी, आपण मात्र कुत्र्याचंही इमान म्हणतो. आणि प्रार्थना संपताना म्हणतात ते आमेन हिब्रूतलं, पण धातू दोघांचा एकच, पक्कं असणं, भरवशाचं असणं. माझ्याकडे इमान या आपल्या अर्थाचंच आहे, तेवढं धरून चाल.

तुला काय म्हणायचं ते तूच सांग, भाविक म्हण, श्रद्धाळू म्हण, नाहीतर काहीच नको. अंधश्रद्धाळू मात्र मी मागे घेतला. नास्तिक तुला ठेवायचा असेल तर ठेव, आता तेवढा टोचत नाही.

काकूंचे टाके काढले का? त्यांना नमस्कार सांग. आणि नमस्कार सांगितला म्हणजे मी आस्तिक झालो असं घरभर सांगत सुटू नकोस.

तुझाच