विषय: पुढच्या एक्सलच्या कंपाचं चुकीचं निदान आणि विनाकारण बदललेले एक्सल शाफ्ट

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझी जुनी फोर बाय फोर गाडी तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिली होती. तक्रार एकच होती: पुढचे हब (चाकं एक्सल शाफ्टला जोडणारी कुलपं) लॉक केले की ताशी साठ किलोमीटरच्या आसपास गाडी थरथरते. तुमच्या लोकांनी व्हील बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं आणि शेवटी पुढचे दोन्ही एक्सल शाफ्ट (चाकांना फिरवणारे दांडे) बदलले. बिल मी पूर्ण भरलं. थरथर होती तशीच राहिली, वर डाव्या बाजूने तेल गळायला लागलं. दोष एक्सल शाफ्टमध्ये नव्हताच. तो पुढच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये (गिअरबॉक्सकडून पुढच्या एक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्यात) होता, आणि तोही तुमच्याच सेंटरने आधी केलेल्या कामातून आलेला.

गाडी देताना मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरना स्पष्ट सांगितलं होतं की स्टीअरिंग शांत असतं. फ्लोअर थरथरतो आणि ट्रान्सफर लिव्हरची (टू व्हील-फोर व्हील बदलायच्या दांड्याची) मूठ झणझणते. पुढच्या प्रोपेलरचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा सांधा) तुमच्याकडे बदलून घेतल्यापासून हे सुरू झालंय, हेही सांगितलं होतं. जॉब कार्डवर मात्र लिहिलं गेलं: ‘व्हील व्हायब्रेशन’. पुढचं सगळं त्या दोन शब्दांवर चाललं.

माझ्या गाडीला हाताने फिरवायचे फ्री व्हीलिंग हब आहेत. हब मोकळे आणि लिव्हर टू व्हीलमध्ये असला की पुढे फक्त चाकं फिरतात. एक्सल शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट फिरत नाहीत. या अवस्थेत गाडी कुठल्याही वेगाला मऊ चालत होती. म्हणजे टायर, रिम, बॅलन्सिंग यांचा प्रश्न तिथेच निकालात निघतो, कारण चाकांत खोट असती तर हब मोकळे असतानाही ती जाणवलीच असती. तरी बॅलन्सिंगचे पैसे लागले ते लागलेच.

मग उरतात एक्सल शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट. यातलं कोण, हे ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. एक्सल शाफ्ट चाकाच्याच वेगाने फिरतो. ताशी साठ किलोमीटरला माझ्या मापाचं चाक सेकंदाला सात-आठ फेऱ्या मारतं. प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलच्या (प्रोपेलरची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) गुणोत्तरामुळे त्याच्या चौपट फिरतो, म्हणजे सेकंदाला तीस. चाकाच्या वेगाचा हादरा डुलल्यासारखा लागतो, आणि माझ्या गाडीत होती ती बारीक, सलग झणझण. शिवाय एक्सल शाफ्टचा क्रॉस नकलपाशी (चाक जिथून वळतं त्या सांध्यापाशी) असतो आणि चाकं सरळ असताना तो जवळजवळ सरळच फिरतो. तो खराब असता तर थरथर वळणावर वाढायला हवी होती. माझी गाडी सरळ रस्त्यावर थरथरत होती आणि वळणावर वेग कमी झाला की गप्प बसत होती.

ट्रायलबद्दलही सांगायला हवं. हब लॉक करून, पण लिव्हर टू व्हीलमध्ये ठेवूनच गाडी चालवून पाहा, असं मी सांगितलं होतं. तुमच्या माणसाने कोरड्या डांबरी रस्त्यावर सरळ फोर व्हील टाकलं. पुढच्या-मागच्या एक्सलच्या वेगात फरक पडू देणारं मधलं डिफरन्शियल या गाडीला नाही. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं आणि तो ताण सुटायला कोरड्या रस्त्यावर जागाच नसते, गाडी अडखळणारच. त्या अडखळण्याकडे बोट दाखवून मला सांगण्यात आलं, “जुनी गाडी आहे साहेब, फोर व्हीलला एवढं चालायचंच.” जुन्या गाडीला ‘चालायचंच’ आणि बिलाला मात्र नवे शाफ्ट, हे गणित मला उलगडलेलं नाही.

शेवटी मी बाहेरच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने दोन्ही टोकांच्या फ्लँजचे (जोडचकत्यांचे) बोल्ट काढून पुढचा प्रोपेलर बाजूला ठेवला, हब लॉक केले आणि मला टू व्हीलमध्ये गाडी चालवायला लावली. एक्सल शाफ्ट आणि डिफरन्शियल फिरत होतं, फक्त प्रोपेलर नव्हता. थरथर साफ गेली. हीच चाचणी तुमच्याकडे आधी झाली असती, तर एक्सल उघडायची वेळच आली नसती.

काढलेला प्रोपेलर मी स्वतः पाहिला. स्लिप जॉइंटच्या (शाफ्टच्या मधल्या सरकत्या जोडाच्या) दोन्ही भागांवर बाण ठोकलेले आहेत. ते समोरासमोर यायला हवेत. स्प्लाईन (त्या जोडाची दातेरी बाजू) एक दात सरकवून बसवली होती, त्यामुळे दोन्ही टोकांच्या योकचे (क्रॉस धरणाऱ्या तुकड्यांचे) कान एका रेषेत नव्हते. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेरीत शाफ्टला दोनदा वेग देतो आणि दोनदा मागे ओढतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चढ-उतार रद्द करतो, पण कान रेषेत असतील तरच. शाफ्ट परत जोडताना खुणा जुळवा, हे तुमच्याच वर्कशॉप मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. दुसरी गोष्ट, नळीवर एका जागी बोटाच्या पेराएवढा चौकोन रंग उडून उघडा पडलाय, कडेला वेल्डिंगचे दोन ठिपके आहेत. तिथलं बॅलन्सचं वजन निघून गेलंय. क्रॉस काढताना नळी शिकंज्यात आवळली की असं होतं, असं मेकॅनिकचं म्हणणं. मला ते पटतं, कारण शेजारी दातांचे वळ स्पष्ट दिसतात.

बाण जुळवून शाफ्ट परत बसवल्यावर थरथर बहुतेक गेली. सत्तरच्या पुढे बारीक गुणगुण आहे, ती त्या वजनाची. ते काम बॅलन्सिंग मशीनशिवाय होणार नाही.

राहिली गळती. एक्सल शाफ्ट आत ढकलताना त्याची स्प्लाईन तेल अडवणाऱ्या सीलच्या ओठावर घासली की सील गेलंच. डिफरन्शियलचं तेल आता एक्सलच्या नळीच्या तोंडातून नकलवर उतरतंय. काम होण्याआधी तिथे कोरडी धूळ असायची, हे तुमच्याच आधीच्या चेकलिस्टवर नोंदलेलं आहे.

माझी मागणी अशी. एक्सल शाफ्टचे आणि ते बदलण्याच्या मजुरीचे पैसे परत करावेत, बॅलन्सिंग-अलाइनमेंटचेही. डाव्या बाजूचं सील विनामूल्य बदलून तेलाची पातळी भरून द्यावी. प्रोपेलर शाफ्टचं मशीनवर बॅलन्सिंग करून द्यावं आणि त्याचा रिपोर्ट मला मिळावा. माझे काढलेले जुने शाफ्ट मला परत दिलेले नाहीत. ते माझे आहेत आणि मला हवे आहेत. “स्क्रॅपमध्ये गेले” हे उत्तर मी काउंटरवर ऐकलंय, ते लेखी द्यावं.

पुढची ट्रायल मी शेजारी बसल्याशिवाय घेऊ नये.

जॉब कार्डं, बिलं आणि प्रोपेलरचे फोटो सोबत जोडले आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हीच कागदपत्रं घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
(सही)
गाडीचा मालक

सोबत: वरीलप्रमाणे