बाबा, ती कोर्टाची पिशवी काढून ठेवा

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर धाडस होईना म्हणून लिहितेय. मी लॉला अ‍ॅडमिशन घेतलीय, तीन वर्षांचं एलएलबी, क्लास सुरू होऊन दोन महिने झाले पण. सत्तेचाळीसाव्या वर्षी घेतात का असं आई विचारणार, तर घेतात, सीईटीला वयाची अट नाही आणि निगेटिव्ह मार्किंगही नाही म्हणून तर निभावलं माझं. आधी सांगितलं असतं तर आई लगेच घरचं कोण बघणार म्हणून सुरू झाली असती. चाललंय गं घर, पोळ्यांना बाई लावलीय.

आई, तुला एक केस सांगते. १९२८ साली स्कॉटलंडात एका बाईला जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली. बाटली मैत्रिणीने घेऊन दिलेली, हिचे पैसेच गेले नव्हते, तरी बनवणाऱ्याची जबाबदारी लागते असा निकाल १९३२ ला आला. आणि गंमत म्हणजे गोगलगाय खरंच होती का हे शेवटपर्यंत सिद्ध झालंच नाही! तू तेलाच्या डब्यात पाल निघाली तेव्हा त्या बिचाऱ्या दुकानदारालाच धरलंस बघ.

बाबा, तुमचं लाडकं चारसोबीस गेलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, फसवणूक आता कलम ३१८. पण सर अजून जुनेच आकडे बोलतात, मग आम्ही दोन्ही पाठ करतो.

खरं सांगू का, मला सारखी आपली बांधाची केस आठवते. मी नऊ वर्षांची, कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर, तुमच्या मांडीवर ती कापडी पिशवी. वकीलसाहेब बाहेर येऊन पुढची तारीख एवढंच म्हणून निघून जायचे आणि एसटीत तुम्ही मला विचारायचात, काय म्हणाले गं ते? मला काय कळत होतं. शेवटी हरलो तेव्हा अपिलाची मुदत गेली म्हणून तुम्ही गप्प बसलात. मुदत ३० दिवसांची असते, पण योग्य कारण असेल तर उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, मुदतीच्या कायद्याचं कलम ५. परवा वाचलं आणि पुस्तक मिटूनच ठेवलं. हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का हो?

आता काही उकरायचं नाहीये, फक्त तो निकाल एकदा स्वतः वाचायचाय. संक्रांतीला येते. पिशवी माळ्यावर पत्र्याच्या पेटीमागे असेल, शेजारच्या पोराला काढायला सांगा, तुम्ही स्टुलावर चढू नका.

तुमची,
ताई