वनमंत्र्यांना खुले पत्र : आमच्या जंगलावरचा लेख आम्हाला कधी वाचायला मिळणार?

प्रति,
मा. वनमंत्री, कर्नाटक सरकार, बेंगळुरू

महोदय,

मी खानापूर तालुक्यातला भातशेतकरी. भीमगड अभयारण्याच्या कडेला आमचं गाव. उन्हाळ्यात चार पैसे सुटतात म्हणून बरीच वर्षं अभ्यासकांबरोबर वाटाड्या म्हणून फिरलो. गुडघ्याएवढ्या उंचीवर झाडाला कॅमेरा बांधायचा आणि समोरचं गवत कापायचं. गवत राहिलं तर वारा सुटला की जनावर राहतं बाजूला आणि गवताचेच फोटो निघतात. ही कामं मला झोपेतसुद्धा जमतील.

मागच्या साली त्यांतलाच एकजण जेवायला घरी आला. आता तो मोठ्या संस्थेत आहे. त्यानं फोनवर स्वतःचं पान दाखवलं. त्याच्या लेखांचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, तो आकडा वर आणि खाली एच-इंडेक्स. म्हटलं, ही काय भानगड? तर वीस लेख असे असले, की प्रत्येकाचा दाखला निदान वीस वेळा दिला गेलाय, तर एच-इंडेक्स वीस. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 साली काढलेलं हे माप. नोकरी, बढती ठरवताना म्हणे हेच बघतात. बायको भात वाढत होती. तिनं विचारलं, "आमच्या भातात गवे कशाला उतरतात, ते लिहिलंय काय त्यात?" तो नुसता हसला. लेख इंग्रजीत, आणि वाचायला पैसे पडतात.

पोरगा गुणी आहे, त्याच्यावर राग नाही. गावात येऊन दोन तास बसला, समजावून सांगितलं, तर त्याच्या त्या पानावर आकडा एकानंही वाढत नाही. मग तो तरी कशाला बसेल?

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचे लेख जगभर उद्धृत झाले. 1970 चा बॉसर्ट यांच्याबरोबरचा घ्या, नाहीतर 1993 चा, बर्केस आणि फोल्के यांच्याबरोबर लोकांकडच्या ज्ञानावर लिहिलेला. पण आम्हाला जवळचं वाटतं ते त्यांचं बांबूचं काम. सत्तरच्या दशकात आपल्याच सरकारसाठी त्यांनी ते केलं, इथून जवळच, कारवार जिल्ह्यात. कागद गिरणीची माणसं तोड सोपी व्हावी म्हणून बांबूच्या बेटाच्या बुडाचं काटेरी झुडूप साफ करायची. बेट मोकळं झालं की चांगलं वाढेल, असा खात्याचाही समज. गावकरी सांगत होते की ते काटेच कोवळ्या कोंबांचं कुंपण. काढलं की गुरं आणि रानातली जनावरं कोंब खाऊन टाकतात. गाडगीळांनी रानात जाऊन पाहिलं, गावकऱ्यांचं खरं निघालं. या कामानं एच-इंडेक्स किती वाढला असेल?

आमच्याकडे तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे. तिथल्या वाघळाची जात 1913 साली शास्त्रात नोंदली गेली. पुढं कितीतरी वर्षं जगात ते फक्त इथंच आहे असं मानत. मग मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. त्या वाघळाबद्दल आमच्या शाळेतल्या पोरांना एक ओळ माहीत नाही. अभयारण्य झालं 2011 च्या डिसेंबरात. पुनर्वसनाच्या बैठकीला साहेब येतात, "अभ्यासात असं आलंय" म्हणतात. अभ्यास दाखवा म्हटलं की विषय बदलतो.

म्हणून मागणी एवढीच. अभयारण्यात संशोधनाला परवाना वन्यजीव कायद्याच्या कलम 28 खाली आपल्याच खात्याचे मुख्य वन्यजीव वॉर्डन देतात. त्यात एक अट घाला. काम संपल्यावर सहा महिन्यांच्या आत दोन पानांचा सारांश, कन्नडमध्ये आणि मराठीतही, त्या ग्रामपंचायतीत द्यायचा आणि ग्रामसभेत वाचून दाखवायचा. नाही दिला तर पुढचा परवाना नाही. आणि खात्याच्या समितीवर तज्ज्ञ नेमताना त्याच्या सायटेशनच्या, म्हणजे त्या दाखल्यांच्या, आकड्याशेजारी असे सारांश किती दिले, तेही बघा.

मराठीचं नाव काढलं की इथं लगेच भुवया चढतात, ठाऊक आहे. सीमावादाचं हे पत्र नव्हे. आमच्या गवळीवाड्यांवरची म्हातारी माणसं जी भाषा बोलतात, तिच्यात कागद हवा, इतकंच. कन्नड कागद माझा मुलगा मला वाचून दाखवील.

या पत्राची कन्नड प्रत वेगळी पाठवली आहे. सुगी झाल्यावर ग्रामसभा आहे. तोवर खात्याकडून उत्तर आलं तर तिथं वाचून दाखवीन.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक शेतकरी